सम्राट सेनॅकरिब

आज जेथे इराक देश आहे, तेथे तैग्रिस नदीच्या काठी पूर्वी असीरियाचे बलाढ्य राज्य होते. इ. स. पूर्व ७०५ मध्ये तेथील राजा दुसरा सार्गोन रणांगणावर पडला. त्याचे शवही हाती लागले नाही. ही वार्ता पसरताच अनेक मांडलिकांनी डोके वर काढले. अशा बिकट समयी सार्गोनचा पुत्र सेनॅकरिब सिंहासनावर आला.

इ. स. पूर्व ७०१ मध्ये त्याने यहूदा देशावर स्वारी करून लाखीश नगराला वेढा घातला. नगर टेकडीवर असून त्याचा तट भक्कम होता. असीरियन सैन्याने दगडांची रास रचून पायथ्यापासून तटापर्यंत चढण बांधली आणि तीवरून चाकांचे गाडे वर रेटले. गाड्यातून पुढे आलेल्या लांब सोटाच्या आघातांनी तट ढासळू लागला. नगरवासी वरून पेटते पलिते फेकीत, तेव्हा गाड्यातील शिपाई लांब दांड्याच्या पळीने पाणी ओतून आग विझवी. मागून तिरंदाज व गोफणकरी मारा करीतच होते. अखेर लाखीश पडले.

मुलांनो, हे सारे इतक्या बारकाईने कसे कळले, असे तुम्ही विचाराल. सेनॅकरिबानेच ते निनेवे येथील आपल्या राजवाड्यात पाषाणपटांवर कोरविले. सिंहासनावर बसलेला राजा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेले पराजित, क्रूर शिक्षा भोगणारे कैदी, आणि गाड्यांवर सामान लादून मुलाबाळांसह परमुलखात निघालेली कुटुंबे, सारे त्यात आहे. ही केवळ शोभा नव्हती. बंडाचे फळ काय, हे पाहणाऱ्याला न बोलता समजावे, हा तिचा हेतू होता. एका नगराच्या पाडावाने दहा नगरांना धाक बसला, तर तेवढे वेढे वाचत! चित्रातील युद्ध कल्पित मात्र नव्हे. लाखीशच्या उत्खननात ती चढण आणि शेकडो बाणांची टोके सापडली आहेत.

परंतु त्या भिंती सारेच सांगत नाहीत. त्याच स्वारीत त्याने यहूदाची राजधानी जेरुसलेमही कोंडली होती. ४६ नगरे जिंकल्याची आणि राजा हिज्कीयाने धाडलेल्या सोन्यारुप्याची नोंद त्याच्या लेखात आहे. जेरुसलेम घेतल्याची नाही. ते नगर त्याच्या हाती आलेच नाही. म्हणूनच लाखीशला राजवाड्यात एवढे मानाचे दालन मिळाले असावे.

निनेवेला दुरून पाणी आणणारे कालवे त्याने बांधले, आणि त्यानेच इ. स. पूर्व ६८९ मध्ये बाबिलोनचा विध्वंस केला. इ. स. पूर्व ६८१ मध्ये पुत्राच्याच कटात त्याचा वध झाला. इ. स. पूर्व ६१२ मध्ये शत्रूंनी निनेवे धुळीस मिळविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयार्ड या इंग्रज संशोधकाने ते पाषाणपट उकरून काढले. आज ते लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. त्यांवर सिंहासनस्थ राजा अजून बसलेला दिसतो. त्याचा चेहरा मात्र कोणीतरी मुद्दाम छिन्न केला आहे.