फ्रेड ॲल्बी
डॉ. फ्रेड हॉडलेट ॲल्बी (१८७६ - १९४५) हे अमेरिकन अस्थिशल्यविशारद होते. अस्थिरोपणाच्या शस्त्रक्रियेला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हाडांतील पोकळी भरणाऱ्या कृत्रिम पदार्थांचा इतिहासही त्यांच्या एका प्रयोगापाशी जाऊन पोहोचतो.

जीवन व कार्य

ॲल्बी यांचा जन्म मेन राज्यातील अल्ना या खेड्यात झाला. सफरचंदाच्या झाडांची कलमे बांधण्याची कला त्यांनी बालपणी आजोबांकडून आत्मसात केली. १९०३ मध्ये ते हार्वर्डमधून वैद्यकीय पदवीधर झाले.

त्या काळी मणक्याच्या क्षयावर औषध नव्हते. रुग्णाला, बहुधा लहान मुलालाच, महिनोन्‌महिने निश्चल पडून राहावे लागे. ॲल्बी यांनी मणक्यांची मागील टोके मधोमध चिरली आणि त्या खाचेत रुग्णाच्याच नडगीच्या हाडाची पट्टी बसवली. ती पट्टी सांधून आली की कणा तेवढ्या भागात स्थिर होई. कोल्हापूर-कोकणाकडे आंब्याचे पाचर कलम बांधताना ज्याने पाहिले असेल, त्याला या शस्त्रक्रियेचे मर्म वेगळे समजवावे लागणार नाही. ही पद्धत त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रसेल हिब्स यांनीही मणके सांधण्याची निराळी रीत मांडली असल्यामुळे या शोधाचे श्रेय एकट्या ॲल्बी यांना देणे न्याय्य ठरणार नाही. हाडाची पट्टी व खाच तंतोतंत जुळावी म्हणून त्यांनी दुहेरी पात्याची विद्युत करवत तयार केली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर त्यांनी न्यू जर्सीतील कलोनिया येथील लष्करी रुग्णालयात उपचार केले.

कृत्रिम पर्यायाचा प्रयोग

रुग्णाचेच हाड वापरायचे तर त्याला दुसरी जखम सोसावी लागते आणि असे हाड मिळतेही मर्यादितच. हाडातील खनिज भाग मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. १९२० मध्ये ॲल्बी यांनी सहकारी मॉरिसन यांच्यासह सशांच्या हाडांतील फटींमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सोडून पाहिले. ज्या सशांना ते दिले नव्हते त्यांची हाडे सांधण्यास सरासरी ४१ दिवस लागले. ज्यांना दिले त्यांची ३१ दिवसांत सांधली.

हा प्रयोग दीर्घकाळ मागे पडला. सुमारे अर्धशतकानंतर याच वर्गातील सच्छिद्र पदार्थ दंतचिकित्सेत व अस्थिशल्यचिकित्सेत रूढ होऊ लागले. हा पदार्थ पोकळीत मांडवासारखा आधार देतो; त्याच्या आश्रयाने नवे हाड वाढते आणि तो स्वतः हळूहळू शरीरात विरून जातो. हे पाहण्यास ॲल्बी हयात नव्हते. १९४३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले व १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.