मुलांसाठी विज्ञान मराठीत आणणारे बाळशास्त्री

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शन भरते, तेव्हा चौथी-पाचवीतली मुले आपापल्या प्रतिकृतींसमोर उभी राहतात आणि ग्रहण कसे लागते, पाऊस कसा पडतो, हे पाहुण्यांना मराठीत समजावून सांगतात. ही गोष्ट आज सहज वाटते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी मराठी मुलाला असे काही वाचावयास मिळेल, असे पुस्तकच जवळजवळ नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आपले अल्प आयुष्य वेचले, त्यांत याच कोकणच्या भूमीतले बाळशास्त्री जांभेकर अग्रभागी होते.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ मध्ये पोंभुर्ले येथे झाला. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडणारे हे गाव १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री व्युत्पन्न पुराणिक होते. मराठी आणि संस्कृतचे पाठ घरीच घेऊन बाळशास्त्री मुंबईस गेले व बापू छत्रे यांच्या आश्रयाने इंग्रजी आणि गणित शिकले. विशीच्या उंबरठ्यावरच त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले. पत्रकार म्हणून त्यांचे स्मरण दरवर्षी होते. त्यांच्यातला विज्ञानशिक्षक मात्र उपेक्षितच राहिला.

१८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत ते साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिलेच भारतीय. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे आवडीचे विषय. दादाभाई नौरोजी आणि केरूनाना छत्रे हे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः गणिताचे प्राध्यापक झाले. कुलाबा वेधशाळेचे कामही बाळशास्त्रींनी काही काळ सांभाळले.

परंतु महाविद्यालयाच्या चार भिंतींत इंग्रजीतून दिले जाणारे ज्ञान मूठभरांपुरतेच राहणार, हे त्यांनी ओळखले होते. गावोगावच्या मुलांपर्यंत ते न्यावयाचे, तर त्यांच्या भाषेतच न्यावयास हवे. म्हणून त्यांनी बालव्याकरण, नीतिकथा आणि भूगोल यांबरोबरच शून्यलब्धीसारख्या उच्च गणितावरही मराठीत लिहिले. १ मे १८४० रोजी त्यांनी 'दिग्दर्शन' हे पहिले मराठी मासिक काढले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, प्राणिशास्त्र असे विषय त्यात सोप्या भाषेत आणि नकाशे, आकृत्यांसह येत. आकृतीवरून कल्पना समजावण्याची ही रीत आज विज्ञान प्रदर्शनातल्या प्रत्येक तक्त्यावर दिसते.

पुस्तक असले तरी ते शिकवणारा शिक्षक हवा. पाठांतरावर वाढलेल्या पंतोजींकडून नवे विषय शिकवले जाणे कठीण होते. अखेरच्या काळात मराठी शाळांची तपासणी आणि शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापक वर्गाचे संचालन ही दोन्ही कामे बाळशास्त्रींकडे आली. प्राध्यापकपदाची प्रतिष्ठा लाभलेल्या विद्वानाने प्राथमिक शाळेतल्या मास्तराच्या तयारीला एवढे महत्त्व द्यावे, हे त्या काळात विलक्षणच म्हणावे लागेल.

ही वाट निष्कंटक नव्हती. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलाला १८४३ मध्ये स्वधर्मात परत घेण्याचा पुरस्कार केल्याबद्दल त्यांना सनातन्यांचा प्रखर रोष पत्करावा लागला. मुलाचे भवितव्य रूढीपेक्षा मोठे, ही त्यांची धारणा ढळली नाही.

मे १८४६ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या शिक्षण मंडळात उच्च शिक्षण इंग्रजीतून की देशी भाषांतून, हा वाद पेटला. जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. पण वैज्ञानिक विषयही मराठीत मांडता येतात, हे कृतीने दाखवून देणारा विद्वान तेव्हा हयात नव्हता. पाल्यासाठी शाळेचे माध्यम निवडताना तोच प्रश्न आजही पालकांसमोर उभा राहतो. प्रदर्शनात आपली प्रतिकृती मराठीत समजावून सांगणारे एखादे मूल बाळशास्त्रींच्या बाजूने त्याचे उत्तर देत असते.