मार्शल यांची आगगाडी

इंग्लंडातल्या ओल्ड डॅल्बी येथे, चाचणीसाठी राखून ठेवलेल्या लोहमार्गावर, १७ जुलै १९८४ रोजी एक आगगाडी ताशी शंभर मैलांच्या वेगाने धावत आली. इंजिनात चालक नव्हता, मागच्या तीन डब्यांत प्रवासी नव्हते. पुढे रुळांवर सुमारे ४८ टनांची पोलादी पेटी मुद्दाम आडवी टाकलेली. टक्कर झाली, इंजिनाचा चेंदामेंदा झाला. पेटी मात्र फुटली नाही. आतला दाब जवळजवळ तेवढाच भरला. निमंत्रितांच्या गर्दीत सर वॉल्टर मार्शल खुशीत होते. हा खेळ त्यांच्याच वीज मंडळाने मांडला होता.

मार्शल यांचा जन्म १९३२ चा, कार्डिफजवळचा. बर्मिंगहॅमला रुडॉल्फ पायर्ल्स यांच्या हाताखाली शिकून ते १९५४ मध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आले आणि १९६८ मध्ये त्याचे संचालक झाले. ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक असताना मंत्री टोनी बेन यांच्याशी त्यांचे बिनसले. १९७७ मध्ये ते पद गेले. थॅचरबाईंच्या राज्यात मात्र त्यांचे दिवस पालटले. १९८२ मध्ये ते वीज मंडळाचे अध्यक्ष झाले. खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपातही त्यांनी दिवे विझू दिले नाहीत. १९८५ मध्ये ते लॉर्ड झाले.

पण ती पेटी कशासाठी? ब्रिटनच्या जुन्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांतील इंधनाला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आवरण असे. वापरलेले इंधन पाण्यात फार काळ ठेवले, तर हे आवरण गंजते. म्हणून ते अशा पेट्यांत घालून रेल्वेने सेलाफील्डला न्यावे लागे, पुनःप्रक्रियेसाठी. काही गाड्या थेट लंडनच्या वस्तीतून जात. लोक घाबरले, यात नवल ते काय?

मार्शल यांना वाटले, डोळ्यांनी पाहिले की भीती जाईल. टीकाकार म्हणाले, एका ठरवून केलेल्या अपघातात पेटी टिकली म्हणजे सगळ्या अपघातांत टिकेल असे नव्हे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण एवढ्या उघडपणे स्वतःची परीक्षा देणारी सरकारी मंडळे तरी कितीशी असतात?

घाव बसला तो दुसरीकडूनच. वीज उद्योग विकायला काढला, तेव्हा वापरलेल्या इंधनाची विल्हेवाट आणि भट्ट्या मोडण्याचा खर्च हिशेबात आला. तो बोजा घ्यायला बाजार तयार होईना. नोव्हेंबर १९८९ मध्ये सरकारने अणुवीज केंद्रे विक्रीतून वगळली आणि मार्शल पायउतार झाले. शंभर मैलांच्या गाडीने न फुटलेली पेटी हिशेबनिसांनी उघडली होती.

१९९६ मध्ये ते गेले. त्यांच्या पेट्यांतून येणाऱ्या मॅग्नॉक्स इंधनावरची सेलाफील्डची पुनःप्रक्रिया जुलै २०२२ पर्यंत चालू होती.