रंगपेटी नाही म्हणून काय झालं? ताराबाई मोडकांनी शंख-शिंपले आणि चिंचोक्यांवर बालवाडी उभी केली

शाळेतला चित्रकलेचा तास आठवतोय का? दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळणं घेत आलेली नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्कसारखे चार पक्षी. महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात हे एकच चित्र काढलेलं असतं.

गंमत बघा. ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ सापगाव आहे. शेजारून भातसा नदी वाहते, तालुक्यात माहुलीचे सुळके आहेत. इथल्या पोराला डोंगर आणि नदी काय असते हे कोणी सांगायची गरज नाही. पण कागद पुढे आला की तेही तेच दोन त्रिकोण काढणार. कारण फळ्यावर त्रिकोण काढलेले असतात आणि बघून उतरवायला सांगितलेलं असतं.

मुलाच्या हाताला आधी त्याच्या आजूबाजूच्या वस्तू द्या, अक्षरं आणि पुस्तक मागून येईल, हा विचार घेऊन एक बाई याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आल्या होत्या. साल होतं १९४५, गाव डहाणू तालुक्यातलं बोर्डी. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये, तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता.

त्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या वळणाचं. त्यामुळे मुलीने शिकायचं की नाही हा वाद घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न अमरावतीच्या एका वकिलांशी झालं, पण ते टिकलं नाही. १९२१ मध्ये दोघं कायदेशीरपणे वेगळे झाले. आज घटस्फोटावर रील बनतात, पण शंभर वर्षांपूर्वी पदरात मुलगी असताना हा निर्णय घेणं म्हणजे काय, याचा नुसता अंदाज करावा.

पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पक्क्या पगाराची नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. कारण तिथे गिजुभाई बधेका होते.

गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढलं. मिशा भरघोस, पण मुलांवर माया आईची, म्हणून लोक त्यांना मिशाळ आई म्हणायचे. ताराबाईंनी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका नावाचं मासिकही याच कामातून पुढे आलं.

आता माँटेसरी पद्धत म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

मूल डोळ्यांनी आणि हातांनी शिकतं, असं माँटेसरीबाईंचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी खास साधनं बनवली. लहानमोठे ठोकळे एकावर एक रचायचे. रंगाच्या पट्ट्या फिक्याकडून गडदकडे लावायच्या. धातूच्या चौकटीतल्या गोल, त्रिकोण, लंबगोल अशा आकृत्या पेन्सिलीने गिरवायच्या आणि आतली जागा रेघांनी भरायची. वरवर बघता हा खेळ वाटतो, पण नीट पाहिलं तर ही डिझाइनची पहिली इयत्ता आहे. आकार, रंग, क्रम, तोल, सगळं त्यात येतं. शिवाय पेन्सिलीवर हात बसतो, त्यामुळे पुढे अक्षर काढताना मूल अडखळत नाही.

अडचण एकच होती, ही साधनं महाग होती. घासून गुळगुळीत केलेलं लाकूड, मापात कापलेला धातू, सगळं ठरलेल्या प्रमाणात. शहरातल्या पालकांना ते परवडायचं. ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं, तिथे मध्यमवर्गीय घरांतली मुलं येत होती. काम नावारूपाला आलं होतं. बाकी आयुष्य त्यांनी तिथेच काढलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती.

पण खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न सुटत नव्हता. देशातली बहुतेक मुलं तर खेड्यातच होती. मग १९४५ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. वय ३५, लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

काळही साधा नव्हता. त्याच वर्षी उंबरगाव आणि डहाणूच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे लाल झेंडा घेऊन उभे होते. ज्या घरात दोन वेळच्या खाण्याची मारामार, तिथे जाऊन तीन वर्षांच्या पोराला रंग आणि आकार शिकवू म्हणणं जरा विचित्रच वाटलं असेल. ही श्रीमंती थेरं आहेत असं कुणालाही वाटावं.

ताराबाईंनी पद्धत ठेवली आणि सामान बदललं. बोर्डीला समुद्र आहे, म्हणजे शंख-शिंपले फुकट. ओढ्यात गोटे, झाडाखाली चिंचोके आणि बिया, चारी बाजूंना पानं-फुलं, पायाखाली माती. माँटेसरीचे ठोकळे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे असतात ना? मग गोटे लावा. रंगाच्या छटा ओळखायच्या? कोवळं पान, जून पान, पिकलेलं पान शेजारी शेजारी ठेवा. शिंपल्यांची रांग केली, मध्ये एकेक बी ठेवली की नक्षी तयार. आणि मातीला आकार द्यायला कुणाची परवानगी लागते?

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा स्वस्तातला पर्याय म्हणून बरा, असा मामला नव्हता. कारखान्यातून आलेला ठोकळा एकसारखाच असतो, पण दोन शिंपले कधी एकसारखे नसतात. ते लावताना मुलाला जास्त बारकाईने बघावं लागतं. चित्रकलेची सुरुवात तर बघण्यापासूनच होते.

तरी मुलं यायची नाहीत. घरातलं धाकटं भावंडं कोण सांभाळणार? गुरं कोण राखणार? शाळेला जागा मिळाली तरी मुलाला वेळ मिळत नव्हता. मग उलटं करायचं ठरलं, शाळाच मुलांकडे न्यायची. वस्तीत जायचं, एखाद्याच्या अंगणात बसायचं, मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ, हातकाम सुरू करायचं. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारली पाड्यांच्या शेजारी. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली गेली, तिला विकासवाडी म्हणायचे. म्हणजे कडेवर भाऊ घेऊन आलेल्या मुलीने त्याला पाळणाघरात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

कोसबाडच्या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही मुलं ज्या घरांतून यायची त्या घरांच्या भिंती कोऱ्या नव्हत्या. लग्न ठरलं की वारली घरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका चौक लिहितात. हो, वारली लोक चित्र काढतात असं म्हणत नाहीत, चौक लिहितात. गोल, त्रिकोण, चौकोन या तीन आकारांत माणूस, झाड, डोंगर, नाच, सगळं मावतं. माँटेसरीबाईंच्या चौकटींतले आकार या मुलांनी आई-आजीच्या हातून आधीच उतरताना पाहिले होते. या भिंतींची शहरांना खरी ओळख पटली ती १९७० च्या दशकात, जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं कागदावर आल्यानंतर. म्हणजे या मुलांना कला शून्यातून शिकवायची नव्हती. तिला शाळेत जागा द्यायची होती, एवढंच. आणि शाळा आपल्याकडे तेवढंच सहसा करत नाही.

सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपासून देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हा मराठी शब्द चालतो. अर्थात बऱ्याच ठिकाणी पोषण आहार, लसीकरण आणि रजिस्टरं यातच सेविकेचा दिवस जातो. गोटे आणि चिंचोके मांडायला वेळ उरतोच असं नाही.

कोसबाडचं काम मात्र ताराबाईंच्या मागे थांबलं नाही. अनुताई टेकडीवरच राहिल्या, १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्या याच मुलांमध्ये होत्या.