उर्दू गझलेचा पाया घालणारा वली नक्की कुठला? औरंगाबादचा की अहमदाबादचा?

गुलमंडीच्या आसपासच्या जुन्या औरंगाबादनं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरनं, उर्दूला एक मोठा शायर दिला. वली औरंगाबादी. पण अहमदाबादकर त्यालाच वली गुजराती म्हणतात, आणि तिसरीकडे तो वली दखनी असतो. माणूस एकच, मग भानगड काय?

वलीचा जन्म 1667 च्या सुमाराचा मानतात. मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचं तोवर औरंगाबाद झालं होतं. 1700 मध्ये अबुल मआली या मित्रासोबत वली दिल्लीला गेला. तिथले शायर तेव्हा फारसीत लिहायचे, बोलीभाषेतली कविता त्यांना हलकी वाटायची. पुढे 1720 च्या सुमारास वलीचा दीवान, म्हणजे गझलांचा संग्रह, दिल्लीत पोचला आणि हातिमसारखे शायर त्याच वाटेनं लिहायला लागले. तोवर वली हयात नव्हता. 1707 मध्ये अहमदाबादला त्याचं निधन झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

घोळ सुरू होतो घराण्यापाशी. मीर तकी मीरनं 1752 च्या आपल्या ग्रंथात वलीला औरंगाबादचा म्हटलं. 1880 मध्ये मुहम्मद हुसेन आझाद यांनी त्याला थेट अहमदाबादच्या शाह वजीहुद्दीन या सूफी संताच्या वंशात बसवलं. त्यात नावही एक नाही. कुठे वली मुहम्मद, कुठे शम्सुद्दीन, तर कुठे वलीउल्लाह. अशा वेळी दोन वेगळी माणसं एका वंशावळीत सहज घुसतात.

भरीस भर म्हणजे तमिळ मुलखातल्या वेल्लोरचाही एक वली होता. करबलावरचं त्याचं दीर्घकाव्य काही काळ आपल्या वलीच्याच खात्यावर जमा होतं. सारखं टोपणनाव, दोघंही दक्षिणेकडचे, एवढ्यावर लोकांनी गाठ मारली. काव्याचा काळ आणि कवीचं मूळ नाव तपासलं, तेव्हा कुठे ती सुटली.

गुजरातचा दावा मात्र हवेतला नाही. वलीनं सुरत शहरावर कविता लिहिली, गुजरातच्या विरहावरही लिहिली. जहीरुद्दीन मदनी यांनी तर त्याला गुजरातचाच ठरवणारं पुस्तक लिहिलं. पण एखाद्या गावाचा लळा असणं आणि तिथे जन्मणं यात फरक आहे. वली एका गझलेत स्वतःला दखनचा शायर म्हणवतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेल्या वंशावळीपेक्षा हा पुरावा जास्त वजनदार आहे.

अहमदाबादला शाहीबागेजवळ वलीची मजार होती. 2002 च्या दंगलीत ती पाडली गेली आणि त्या जागेवरून डांबरी रस्ता झाला.