अचल मापाची महती : डॉ. खानोलकर

ज्या तापीच्या मुखाशी आपला हजीरा वसला आहे, तिच्याच काठी काक्रापारचे अणुविद्युत् केंद्र आहे. किरणोत्सर्गाचा सजीवांवरील परिणाम कसा मोजावा, हा प्रश्न म्हणूनच आपणांस परका नाही.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा. लंडनला विकृतिशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू होताच तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. कर्करोगाची कारणे शोधताना त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती व व्यसने ताडून पाहिली. कारण तुलनेवाचून दोष सिद्ध होत नाही. पुढे किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९७८ साली ते निवर्तले.

किरणांच्या माऱ्यानंतर पेशींतील जनुके किती क्रियाशील झाली, हे आज मोजता येते. मात्र तुलनेसाठी किरणांनी न बदलणारे जनुक आधी पारखून घ्यावे लागते. मोजपट्टीच आखडली, तर अल्प परिणाम मोठा भासतो. ती ताणली, तर मोठा परिणामही लपतो.

विद्यार्थीमित्रहो, निष्कर्षाआधी माप पारखावे, हीच डॉक्टरांच्या कार्याची शिकवण होय.