मागच्या रांगेतील वाद्यांचा कैवारी

पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बेस हे वाद्य असते ते एका कडेला. माणसाहून उंच असलेला हा तंतुवाद्यांमधला थोरला भाऊ मंद्र स्वरांचा पाया घालतो. श्रोत्यांचे लक्ष मात्र व्हायोलिनकडेच जाते. या उपेक्षित वाद्यासाठी १९४९ मध्ये पियानोच्या जोडीने स्वतंत्र सोनाटा लिहिणारे जर्मन संगीतकार म्हणजे पाउल हिंडेमिथ.

१६ नोव्हेंबर १८९५ रोजी फ्रँकफर्टजवळच्या हानाऊ येथे त्यांचा जन्म झाला. वडील रंगकाम करणारे, स्वभावाने कडक. फ्रँकफर्टमध्ये शिकत असताना पाउल यांनी उपाहारगृहांत आणि चित्रपटगृहांत व्हायोलिन वाजवून पैसे मिळवले. १९१५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, ते तेथील ऑपेराच्या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले. त्याच वर्षी वडील महायुद्धात मारले गेले. पुढे पाउल यांनाही सैन्यात जावे लागले आणि तेथील बँडमध्ये ते मोठा ढोल बडवत. पुढे त्यांनी व्हायोला हे वाद्य आपलेसे केले. संगीत वाजवणाऱ्याच्या हाताला आणि ऐकणाऱ्याच्या कानाला उपयोगी पडावे, ही त्यांची निष्ठा रांगेत बसून केलेल्या या कष्टांतून आली होती.

१९२७ पासून ते बर्लिनमध्ये प्राध्यापक होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांच्या संगीतावर अधःपतनाचा शिक्का बसला. पत्नी गर्ट्रूड यांच्या घराण्याचा ज्यू वंशाशी असलेला संबंधही सत्ताधाऱ्यांना खुपत होता. १९३४ च्या अखेरीस संगीतसंचालक फुर्टव्हेंगलर यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली. परिणामी फुर्टव्हेंगलर यांनाच पदे सोडावी लागली. हिंडेमिथ यांनी काही काळ राजवटीशी जुळवून घेण्याचाही प्रयत्न केला, हे नाकारता येत नाही. पण १९३६ मध्ये त्यांच्या रचनांच्या प्रयोगांवर बंदी आली. १९३८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि १९४० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवू लागले.

याच अस्थिर वर्षांत त्यांनी एक विलक्षण उपक्रम चालवला. वाद्यवृंदातील जवळजवळ प्रत्येक वाद्यासाठी पियानोसह एक सोनाटा! १९३६ मध्ये बासरी, १९३९ मध्ये ट्रम्पेट व क्लॅरिनेट, १९४१ मध्ये ट्रॉम्बोन, १९५५ मध्ये ट्यूबा. मायदेशाने ज्याचा आवाज बंद केला, त्याने ज्यांना क्वचितच एकट्याने बोलू दिले जाते अशा वाद्यांना वाचा दिली.

डबल बेसचे काम त्यांत अवघड होते. पियानोचे खालचे स्वर दणदणीत. त्यांत डबल बेसचा घोगरा नाद सहज बुडून जातो. हिंडेमिथ यांनी पियानोची वीण विरळ ठेवली. त्यामुळे गजाचा तारेवरील प्रत्येक घर्षणस्वर स्पष्ट ऐकू येतो. तीन भागांच्या या रचनेत पहिला भाग खेळकर, दुसरा चपळ. तिसरा अतिशय संथ. त्यात वाद्य बोलल्यासारखे वाजते आणि अखेर साध्या गीतावर विसावते. बाराही स्वरांचा मुक्त वापर करूनही हिंडेमिथ एक आधारस्वर सोडत नाहीत. षड्जाची सवय असलेल्या आपल्या कानाला म्हणूनच हे आधुनिक संगीत परके वाटत नाही. प्रथम ऐकताना पियानो विसरून केवळ खालच्या स्वराचा माग घ्यावा. दुसऱ्यांदा दोघांचा संवाद आपोआप उलगडतो.

हिंडेमिथ १९४६ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, १९५३ मध्ये स्वित्झर्लंडला परतले आणि २८ डिसेंबर १९६३ रोजी फ्रँकफर्ट येथे निवर्तले. युद्धोत्तर तरुण पिढीने त्यांना जुनाट ठरवले होते. परंतु डबल बेस शिकणारा विद्यार्थी एकट्याने रंगमंचावर येण्याची तयारी करतो, तेव्हा त्याच्यासमोर अनेकदा हिंडेमिथ यांचीच पाने असतात. वाद्यवृंदातल्या कामकऱ्यांनी आपल्या माणसाला विस्मृतीत जाऊ दिलेले नाही.